जातं अंगणात, हकीकत भंगारात

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? राजे, लढाया, तह आणि सनावळ्या. शाळेत असताना आपण ते पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि पुढे संसाराच्या रगाड्यात विसरून गेलो. त्या काळात आपल्या पणजीनं काय रांधलं, पाणी कुठून भरलं, दिवा कशात लावला, लेकराला कशात निजवलं, हे त्या पुस्तकात कुठंच नव्हतं. म्हणूनच मला वस्तुसंग्रहालयांचं मोल वाटतं. तिथं तलवारी, तोफा असतात हे खरं. पण एखाद्या कपाटात साधी पणती असते, अडकित्ता असतो, पाय घासायची वजरी असते. त्या वस्तूंपाशी थांबलं की वाटतं, अरे, हे तर आपल्या घरातलं!

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत आपण लेकरांना घेऊन जातो, प्राणी दाखवतो आणि परत येतो. त्याच बागेला लागून असलेल्या जुन्या देखण्या इमारतीकडे मात्र पुष्कळांचं लक्ष जात नाही. ते आहे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं. ज्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ते उभं राहावं म्हणून खटपट केली, त्यांचं नाव त्याला १९७५ साली मिळालं. पुढे इमारत मोडकळीला आली होती. महापालिका आणि काही संस्थांनी मिळून ती नीट केली आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडलं. त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

या संग्रहालयात मुंबई शहराची गोष्ट वस्तूंमधून सांगितली आहे. जुने नकाशे, होड्यांच्या प्रतिकृती, निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे, ज्याच्या त्याच्या पद्धतीची पागोटी. बाहेर एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना तो फुटला. मग तुकडे मुंबईत आणले आणि पुढे ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आता बघा, या एका फुटक्या हत्तीत बेट आलं, पोर्तुगीज आले, इंग्रज आले आणि आपल्या वस्तू परदेशी कशा जायच्या तेही आलं. ही हकीकत माहीत नसेल तर तो एक दगडी हत्ती, फोटो काढायला बरा, एवढंच!

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तर बायकांनी आवर्जून बघावं असं आहे. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. साधारण १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरून, अडगळीतून त्यांनी वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली तो सगळा खजिना सरकारच्या स्वाधीन केला. ‘राजा’ हे त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं नाव. त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला ते नाव दिलं. या सगळ्यात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. तिथं दिव्यांचे किती प्रकार! अडकित्ते, वजऱ्या, करंडे, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारं, वाद्यं. ज्या वस्तूंना कुणी ‘इतिहास’ म्हटलं नसतं, त्या त्यांनी इतिहासात नेऊन बसवल्या. याबद्दल आपण बायकांनी त्यांचे आभारच मानायला हवेत.

पण तिथल्या एखाद्या वजरीकडे बघताना माझ्या मनात येतं, ही कोणाची? कोणत्या गावची? दिवसभर कुठं कुठं चालून त्या पायांना भेगा पडल्या होत्या? कोणत्याही संग्रहालयात वस्तूखाली पाटी असते, त्यावर वस्तूचं नाव, धातू आणि शतक असतं. ती हातात धरणाऱ्या बाईचं नाव सहसा नसतं, कारण वस्तू जमवली जाते तोवर ते सांगणारं कुणी उरलेलं नसतं. वस्तू टिकली, बाई हरवली! माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

तुम्ही म्हणाल, मुंबई-पुणे मोठी शहरं, आपल्या गावाला कसला आलाय इतिहास? आमच्या टेंभुर्णीतही हेच ऐकायला मिळतं. मराठवाड्याच्या माणसाला आपल्याकडे काही आहे असं वाटतच नाही. म्हणून आपल्या शेजारच्या तालुक्याची गोष्ट सांगते. भोकरदन आपल्याला बाजारासाठी, कोर्टकचेरीसाठी माहीत. या भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तुपाला ज्यांनी दान दिलं, त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरली आहेत आणि त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठानं मिळून भोकरदनला उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातले मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती निघाल्या. हस्तिदंतात कोरलेली एका स्त्रीची तुटकी मूर्तीही निघाली.

तशाच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई इथं सापडली होती. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली जे शहर गाडलं गेलं, ते हे पाँपेई. तिथल्या एका घरात आपल्याकडचे दागिने ल्यालेली बाई निघाली! ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिचं नातं आपल्या भोकरदनशी आणि तेरशी लावणारे अभ्यासक आहेत. कुणी तिला उत्तरेकडची म्हणतात, तो वाद तज्ज्ञांचा. आपण एवढं लक्षात घ्यावं की दोन हजार वर्षांपूर्वी या भागात हस्तिदंतावर इतकं नाजूक काम करणारे हात होते आणि बांगड्या भरणाऱ्या, मणी ओवणाऱ्या बायका होत्या. उत्खननात राजाची तलवार क्वचित सापडते. बाईची फुटकी बांगडी आणि चुलीजवळचं खापर सगळीकडे सापडतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं उदाहरण तर याहून जवळचं. तेर म्हणजे जुनं तगर. पैठण आणि तगरहून गाड्या भरून माल भडोचच्या बंदराला जायचा, असं दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलं आहे. त्या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाचे व्यापारी होते. पाऊस पडून गेला की पांढरीच्या मातीतून वर येणारी खापरं, मणी, नाणी, मूर्ती ते जपून ठेवायचे. त्यांच्या त्या संग्रहातून आज तेरला त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय उभं आहे. लोकांना जे खापर वाटलं, त्याची त्यांना किंमत कळली. म्हणजे संग्रहालय काही फक्त शहरातल्या पदवीवाल्यांचं काम नाही. गावातल्या एका माणसाला सुचलं तरी होतं.

आता आपल्या घराकडे वळू या. बचत गटाच्या कामानं माझं घरोघरी जाणं होतं. दोन-चार वर्षांत कित्येक घरांच्या फडताळातून तांब्या-पितळेची भांडी गेलेली मी पाहते आहे. नवीन घर बांधलं, मॉड्युलर किचन केलं, घागरी-हंड्यांना जागा नाही, कल्हईवाला आता येत नाही, मग दिली मोडीत. किलोवर भाव, काट्यावर वजन, दहा मिनिटांत व्यवहार पुरा! गरज असते तेव्हा विकावीच लागतात. लेकराच्या फीसाठी हंडा मोडणाऱ्या माउलीला कोण बोल लावणार? माझं सांगणं एवढंच आहे की मोडीत घालण्याआधी त्या भांड्याचा काठ एकदा वाचा.

हो, वाचा! आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात वस्तूंना पाट्या कराव्या लागतात, आपल्या भांड्यांना त्या आधीपासूनच आहेत. कुणाच्या लग्नात, कोणत्या तारखेला, मामाकडून की आत्याकडून, सगळं ठोक्या-ठोक्यांनी कोरलेलं. एका आजीची घागर मी पाहिली. तिच्यावर तिचं लग्नाआधीचं नाव होतं. लग्नात नाव बदललं, रेशनकार्डावर, मतदार यादीत, सात-बारावर कुठंही ते जुनं नाव नाही. नातवंडांना तर माहीतच नव्हतं. त्या बाईचं माहेरचं नाव या जगात फक्त त्या घागरीवर उरलं होतं. अशी घागर वितळली की तांबं मिळतं, नाव मिळत नाही.

लोखंडाचं तर विचारूच नका. गाडीच्या चाकाच्या धावा, मोटेचं सामान, पहारी, जुनी कुलपं, तिफणीचे फण, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर. आपलं जालना लोखंडी सळयांसाठी देशभर ओळखलं जातं आणि त्या सळया करायला भट्टीत भंगार वितळवतात. तो धंदा आहे, हजारो घरं त्यावर चालतात, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण जिल्ह्यातल्या शेतीचा इतिहास त्याच भट्टीतून सळई होऊन बाहेर पडतो आहे, हे ध्यानात असू द्यावं. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून कित्येक बायकांनी पेरणी केली. ते लाकडी चाडं आता चुलीत जातं, कारण पेरणी ट्रॅक्टरनं होते. बाई पेरत होती, याचा पुरावा चुलीत गेला!

याच्या उलट दुसरं टोकही आता दिसू लागलं आहे. रस्त्यावरच्या धाब्यांवर, मंगल कार्यालयांच्या दारात, बंगल्यांच्या अंगणात जातं, उखळ, बैलगाडीचं चाक रंगवून ठेवतात. हळदीकुंकवाला ‘गावाकडची थीम’ करतात, नऊवारी नेसून सुपात धान्य पाखडतानाचे फोटो काढतात. हौसेला माझी ना नाही. पण जात्यावर सोनेरी रंग मारून त्यात प्लॅस्टिकची फुलं ठेवली म्हणजे संस्कृती जपली, असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. वस्तू राहिली, पण तिची हकीकत आपण भंगारात घातली, त्याचं काय?

जात्याची हकीकत मला गावातल्या एका थकलेल्या मावशींनी सांगितली. त्या म्हणाल्या, “जातं गेलं ते लई बरं झालं बाई. पहाटं कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, पायली-पायली दळायचं, मग पाणी, मग भाकरी, मग रान. पोटुशी असले तरी दळण चुकत नव्हतं. तुमाला आता ते चांगलं दिसतंय!” यापुढे काय बोलणार? गिरणी आली तेव्हा बाईच्या आयुष्यातले रोजचे दोन-तीन तास मोकळे झाले. आपल्या गावाच्या इतिहासात ही केवढी मोठी घटना! पण गावात गिरणी कोणत्या वर्षी आली, हे विचारून बघा, सांगता येत नाही. आमदार कोण होते ते सांगतात!

म्हणून मी म्हणते, जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं तर ‘जुनं ते सोनं’ अशी कमान नको. जुन्यात कष्ट होते, उपास होते, अपमान होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला नेलेला हातोडा कुणाच्या घरी असेल, तो मांडा. सुकडी आणायला नेलेला डबा मांडा. निजामाच्या राजवटीतला हाली रुपया, उर्दूतले जमिनीचे कागद, रझाकारांच्या धास्तीनं घर सोडताना बरोबर घेतलेली पेटी मांडा. आणि धाडस असेल तर काही घरांच्या दाराआड वेगळा ठेवलेला तो कपही मांडा, जो ठरावीक वस्तीतल्या माणसालाच चहासाठी दिला जायचा. शिळेचा पाटा आणि चांदीचा करंडा मांडायचा आणि हा कप लपवायचा, तर तो इतिहास झाला नाही, घराची झाकपाक झाली.

लोक स्वतःच्या गावाचा इतिहास स्वतः कसा मांडतात, याचं एक उदाहरण फार लांबचं आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचं. तिथं ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाची वस्ती होती. सगळ्या रंगांचे, धर्मांचे लोक तिथं एकत्र राहायचे. १९६६ साली गोऱ्या सरकारनं ती जागा फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसांना हुसकून घरं पाडली. १९९४ मध्ये तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये या वस्तीचं संग्रहालय सुरू झालं. पाडलेल्या गल्ल्यांच्या पाट्या तिथं टांगल्या आहेत. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा आहे, त्यावर लोकांनी येऊन आपापलं घर कुठं होतं ते लिहिलं. आणि एक लांबच लांब कापड आहे. पूर्वी तिथं राहणारे येतात, त्यावर आपलं नाव आणि आठवण लिहितात आणि मग ती अक्षरं दोऱ्यानं भरली जातात. वाचलं तेव्हा वाटलं, भरतकाम तर आपल्या घरोघरी येतं! जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी असं एखादं कापड कुणी का भरू नये?

आपल्याकडेही नावं लिहून घेण्याचं मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या लाखाहून अधिक आहेत. ओवी कोणत्या बाईनं गायली, कोणत्या गावची, हेही त्यांनी नोंदवलं. मला हेच मोलाचं वाटतं. ‘लोकगीत’ म्हणून कुणाचंच नसलेलं गाणं त्यांनी गाणारीच्या नावावर केलं. वस्तूंचं तसंच करायला आपल्याला कुणी अडवलंय?

खर्च फार नाही. शाळेचा एक वर्ग दोन दिवस मागून घ्यायचा. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, त्या दिवशी गाव झेंड्याला जमतोच, तो मुहूर्त चांगला. प्रत्येक घरानं एक वस्तू दोन दिवसांपुरती द्यायची आणि परत न्यायची. सगळ्या वस्त्यांतून वस्तू आली पाहिजे. कुंभारवाड्यातून, लोहाराच्या भात्यापासून, तांड्यावरून, मोहल्ल्यातून, बौद्धवाड्यातून. फार जुनीच हवी असंही नाही. बचत गटाचं पहिलं पासबुक, गॅसचं पहिलं कार्ड, हापशाचा दांडा, एसटीडी बूथची पाटी, हाही इतिहासच.

वस्तूबरोबर एक कार्ड हवं आणि त्यावर पाच गोष्टी. वापरणाऱ्या बाईचं नाव, माहेरच्या नावासकट. वस्तू कुठून आली आणि कुणी घडवली. तिच्यावर काय काम व्हायचं आणि रोज किती वेळ. ती वापरातून कधी आणि कशानं गेली. आणि तिची लक्षात राहिलेली एक आठवण. म्हाताऱ्या बायकांना लिहिता येत नसेल तर नववी-दहावीच्या मुलींनी मोबाइलवर त्यांचं बोलणं घ्यावं आणि मग वहीत उतरवावं. ती वही शाळेत राहू द्यावी. उद्या वस्तू मोडीत गेली तरी वही राहील. जाता जाता एक सावधगिरीची सूचना: शेतात, पायात खणताना जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर ते परस्पर विकू नका. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ चा कायदा सांगतो.

हे काम बायकांनीच का करायचं, असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. उत्तर सोपं आहे. घरातली कोणती वस्तू कुणाकडून आली, हे बायकांनाच पाठ असतं. पुरुषाला शेताचा बांध ठाऊक असतो, आपल्याला परात कुणाच्या लग्नातली ते ठाऊक असतं. आजवर बांधाची नोंद तलाठ्याकडे झाली, परातीची कुणाकडेच झाली नाही. सांचीच्या दगडांवर दान देणाऱ्या बायकांची नावं आहेत, स्वतःची, स्पष्ट कोरलेली. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांना जमलं, तर दोनशे पानी वहीत आपल्याला का जमू नये?

गावातल्या ज्या बायकांनी जात्यावर दळलं, आडाचं पाणी शेंदलं, दुष्काळात खडी फोडली, त्या आता फार थोड्या उरल्या आहेत. संग्रहालयाची इमारत दहा वर्षांनी बांधली तरी चालेल, वहीला मात्र तेवढी सवड नाही. तेव्हा मैत्रिणींनो, येत्या आठवड्यात फडताळ आवरायला काढाल, तेव्हा फडकं फिरवता फिरवता सासूबाईंना, आजीला जवळ बसवून विचारा, “ही परात कुणाची हो?” आणि त्या जे सांगतील ते लगेच लिहून ठेवा.